भुशातली पैदास: बेळगावकडच्या घरात मीलवर्म कसे वाढवाल

"लोकं धान्यातल्या अळ्या निवडून टाकतात, आणि तू गाजर घालून पाळालायस होय रे?" पहिला डबा घरात आला त्या दिवशीचा आमच्या आज्जीचा हा प्रश्न. पुढं चाळण कशी फिरवायची ते तिनंच मला शिकवलं, पण ते नंतर.

आमच्याकडं एक बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियाकडचा पाळीव सरडा आहे. त्याच्यासाठी अळ्या बाहेरगावाहून कुरिअरनं मागवायचो. उन्हाळ्यात पार्सल उघडलं की निम्म्या काळ्या पडून मेलेल्या असायच्या. शेवटी घरीच पैदास सुरू केली. काम सोपं आहे, दिवसाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. नवख्याचा डबा मरतो तो बहुधा लाडानं: ओलं जास्त घातलं जातं आणि रोज ढवळून बघितलं जातं.

मीलवर्म म्हणजे गांडुळाच्या जातीतला वर्म नव्हे. टेनेब्रिओ मॉलिटर नावाच्या काळ्या भुंगेऱ्याची ती अळी. अंडं, अळी, कोष, भुंगेरा असं तिचं चक्र चालतं, आणि चारही अवस्था कोरड्या भुशात पार पडतात. भुंगेरे उडत नाहीत म्हटलं तरी चालेल, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत, आवाज करत नाहीत. रातकिडे पाळून रात्री जागलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

आधी जनावर बघा

घोरपड, स्टार कासव, शॅमेलिऑन हे आपल्याकडचे जीव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "शेतात सापडलं" म्हणून कुणी प्रेमानं आणून दिलं तरी वन खात्याला कळवायचं. परदेशी जातींतल्या साईट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असलेल्यांची, उदाहरणार्थ हिरवा इग्वाना हा मोठा सरडा किंवा बॉल पायथन हा अजगर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. २०२४ मध्ये त्याचे स्वतंत्र नियमही आले आहेत.

दुसरं म्हणजे तुमचं जनावर अळ्या खातं का? इग्वाना पाला खाणारा, त्याला किडे घालायचे नाहीत. बॉल पायथन ढुंकून बघणार नाही. टाकीतल्या लाल कानाच्या कासवाला कधीमधी चार अळ्या ठीक. बिअर्डेड ड्रॅगन लहान असताना किडे जास्त खातो, मोठा झाला की पाला मुख्य आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा. लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, मात्र निव्वळ किड्यांवर जगतो, मीलवर्मचा खरा गिऱ्हाईक तोच.

हिशेब आधी करा. एक मोठा गेको दिवसाआड आठ-दहा अळ्या खातो असं धरलं तर महिन्याला दीडशेच्या आत भागतं. एक मादी भुंगेरा आपल्या दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. शंभर भुंगेऱ्यांत पन्नास माद्या धरा, आणि निम्मी पैदास वाया गेली असं समजा, तरी आकडा हजारांत जातो. एका-दोन जनावरांसाठी शंभर भुंगेरे पुष्कळ झाले. पहिल्या खेपेला मी चारशे ठेवले होते. पुढं अळ्या कुणाला वाटायच्या हा प्रश्न पडला.

मुहूर्त

दसऱ्यानंतर सुरू करा. पाऊस ओसरलेला असतो, भुसा कोरडा मिळतो, हवा ना फार गरम ना फार गार. डिसेंबरच्या थंडीत वाढ मंदावते, पण मरत काही नाही, आणि शिमग्याच्या सुमाराला पहिल्या घरच्या अळ्या हाताशी येतात. जूनमध्ये सुरू करू नका. खानापूरकडच्या धो-धो पावसात राहत असाल तर दोनदा सांगतो.

डबे

सुरुवातीला चार लागतात: एक भुंगेऱ्यांचा, एक कोषांचा, दोन अळ्यांचे. साधारण पंधरा सेंटिमीटर उंचीचे, पसरट, आतून गुळगुळीत प्लॅस्टिकचे. तीन-चार कप्प्यांचा प्लॅस्टिकचा ड्रॉवर मिळाला तर उत्तम, जागा वाचते. लाकूड आणि पुठ्ठा नको, अळ्या पोखरतात. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की मीलवर्म थर्माकोलसुद्धा खातात. म्हणून थर्माकोलचा खोका वापरू नका, आणि गंमत म्हणून खायलाही घालू नका. ती अळी पुढं तुमच्या जनावराच्या पोटात जाणार आहे.

झाकण पूर्ण बंद नको. मधला भाग कापून तिथं डासांची बारीक जाळी चिकटवा. हवा खेळली नाही की आत घाम धरतो, आणि घाम धरला की बुरशी आलीच.

भुसा, म्हणजे निम्मं काम

गव्हाचा जाडसर कोंडा हेच त्यांचं घर आणि हेच अन्न. गिरणीत किंवा पशुखाद्याच्या दुकानात मिळतो. बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक दुकानं आहेत, पण सुरुवातीला दोन-तीन किलो पुरे. कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराकडं "गोधी बूसा" मागा. नुसतं बूसा म्हटलं तर तो काहीही मिसळलेलं देईल, आणि "तौडु" म्हणजे भाताचा कोंडा, तो तेलकट असतो, लवकर खवट होतो. गाई-म्हशींचं तयार मिश्र खाद्य घेऊ नका, त्यात मीठ, खनिजं, कधी युरिया असतो.

आता विषाबद्दल. इथं जरा सावकाश वाचा, कारण अळ्या हे किडेच आहेत आणि आपलं घर किडे मारायच्या सोयींनी भरलेलं असतं.

आपल्याकडं वर्षाचा गहू भरताना बोरिक पावडर लावायची पद्धत आहे. त्या गव्हाचं पीठ किंवा कोंडा डब्यात गेला तर आठ-दहा दिवसांत सगळं शांत. गव्हाच्या पिंपात सेल्फॉसची (विषारी वायू सोडणारी) गोळी टाकलेली असेल तर तो गहूही नको. माणसासाठीसुद्धा ती गोळी घरात नसावी, पण तो वेगळा विषय. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर डबा तिथं ठेवायचा नाही. डासांची कॉईल, मॅट, लिक्विड लावता त्या खोलीत नाही. मुंग्यांसाठी ओढायचा खडू डब्याच्या आसपास नाही. कडुनिंबाचा पाला किड्यांना आवडेल या भाबड्या समजुतीनं घालणारेही मी बघितले आहेत.

निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींनी आणखी एक सांभाळायचं: तंबाखू. निकोटिन हे जुनं कीटकनाशक आहे. वखारीतून आलेल्या हातानं डबा हाताळायचा नाही, तंबाखूच्या रिकाम्या पोत्यात भुसा आणायचा नाही, आणि तंबाखू मळून तोच हात भुशात घालायचा नाही. आमच्या एका पाहुण्यांनी नेमकं हेच केलं होतं, अगदी कौतुकानं.

आणलेल्या भुशात टोके, सोंडे, पतंगाची अंडी असतातच. म्हणून भुसा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं परतायचा, करपू द्यायचा नाही, आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरायचा. फ्रीजरमध्ये जागा असेल तर तीन-चार दिवस गोठवूनही काम होतं. त्यात मूठभर ओट्स किंवा थोडी नाचणी भरडून घातली तर चांगलंच, नाही घातली तरी अडत नाही. डब्यात थर तीन ते पाच सेंटिमीटरचा.

पहिल्या अळ्या आणताना

शे-दीडशे अळ्या पुरतात. दुकानदार कधी "मोठे वाले" म्हणून सुपरवर्म गळ्यात मारतो. तो झोफोबस मोरिओ, जात वेगळी. पाचेक सेंटिमीटर लांब, डोकं आणि शेपटीचं टोक गडद. गर्दीत असताना तो कोष करत नाही, एकेक वेगळा डबीत ठेवावा लागतो. फ्रिजमध्ये ठेवला तर मरतो. आणखी एक "जायंट मीलवर्म" मिळतो, त्याला हॉर्मोन देऊन अळीच्याच अवस्थेत रोखलेलं असतं. त्यातून सहसा भुंगेरे निघत नाहीत, म्हणून पैदाशीला उपयोग नाही. आपल्याला हवा तो साधा पिवळा, अडीच-तीन सेंटिमीटरचा.

घरी आल्यावर चाळून जुना भुसा फेका, काळ्या आणि मऊ पडलेल्या अळ्या काढा, बाकीच्या नव्या भुशात सोडा. मग दोन दिवस हात लावू नका.

पहिले चार महिने

आणलेल्यांतल्या थोड्या जनावराला घालायचा मोह होईल. घालायच्या असतील तर वेगळ्या मागवा, या पैदाशीच्या अळ्यांना हात नाही.

पंधरा दिवसांपासून पुढं काही अळ्या आखडून पांढरट, स्वल्पविरामासारख्या वाकड्या दिसायला लागतील. हे कोष. ते खात नाहीत, पळत नाहीत, नुसती शेपटी हलवतात. अळ्या आणि भुंगेरे दोघेही त्यांना कुरतडतात, म्हणून दिवसाआड कोष वेचून वेगळ्या डब्यात टिशू पेपरवर ठेवायचे. चिमट्यानं दाबू नका, प्लॅस्टिकचा चमचा घ्या. कोषाच्या डब्यात गाजर-बिजर काही नाही.

सत्तावीस अंशांच्या आसपास आठवडा-दहा दिवसांत कोषातून भुंगेरा निघतो, थंडीत तीन आठवडेही लागतात. निघतो तेव्हा तो दुधासारखा पांढरा असतो, मग तांबूस, मग तपकिरी, आणि काही दिवसांत काळा. पांढरा बघून रोगट समजून फेकू नका. (मी पहिले सहा फेकले.) रंग चढला की भुंगेऱ्यांच्या डब्यात. तिथं भुशावर अंड्याच्या ट्रेचा एक तुकडा उपडा ठेवा, त्याखाली ते दाटीवाटीनं बसतात.

अंडी दिसत नाहीत. दीडेक मिलिमीटरची, चिकट, भुशानं माखलेली, डब्याच्या तळाशी. दिसत नाहीत म्हणून झाली नाहीत असं समजणारे भुसा उपसत बसतात. तसं करू नका. दर पंधरा दिवसांनी फक्त भुंगेरे उचलून नव्या भुशाच्या डब्यात घाला, आणि जुना डबा तारीख लिहून बाजूला ठेवा. हे केलं नाही तर भुंगेरे स्वतःचीच अंडी आणि नवजात अळ्या खातात, आणि तुम्ही महिनोन् महिने भुंगेरेच सांभाळत राहता.

बाजूला ठेवलेल्या डब्यात दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही. मग एके दिवशी बॅटरीच्या उजेडात भुसा आपोआप हलल्यासारखा दिसतो. केसाएवढ्या अळ्या असतात त्या. जनावराला घालण्याजोग्या व्हायला त्यांना अजून अडीच-तीन महिने लागतात. तेवढ्यात त्या दहा-पंधरा वेळा कात टाकतात. वर जमणारी ती पिवळट टरफलं मेलेल्या अळ्या नव्हेत, फुंकर मारली की उडतात.

चाळायचं कधी? तळाशी बारीक वाळूसारखी विष्ठा साचली आणि भुसा जवळपास संपला की. पण पहिले दोन महिने अजिबात नाही, नाहीतर बारक्या अळ्या चाळणीतून खाली जातात. आज्जीची युक्ती अशी: मैद्याच्या चाळणीतून विष्ठा खाली, मग रव्याच्या चाळणीतून उरलेला भुसा खाली, वर राहतात त्या अळ्या. चाळण आडवी फिरवायची, आपटायची नाही. आणि ही चाळण परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, यावरून आमच्याकडं मोठं भांडण झालेलं आहे.

ओल किती

पाण्याची वाटी कधीच ठेवायची नाही, बुडून मरतात. ओल भाजीतून द्यायची. गाजर सगळ्यात बरं, नंतर बटाटा आणि रताळं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडं रताळी मुबलक पिकतात, हंगामात स्वस्त पडतात, आणि कापलेली फोड लवकर सडत नाही. फोड भुशात खुपसायची नाही, वर बाटलीच्या झाकणात ठेवायची. तळहाताएवढ्या डब्याला अंगठ्याएवढा काप, आठवड्यातून दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं उचलायचं. काकडी, कलिंगड, कोबी यांत पाणी फार. ओल अजिबात मिळाली नाही तरी अळ्या कित्येक आठवडे नुसत्या भुशावर तगतात, वाढ फक्त हळू होते. जास्त झाली तर मात्र आठवड्यात खेळ संपतो.

पावसाळा

पहिल्या वर्षी गणपतीला पाच दिवस गावी गेलो आणि शेजारच्या काकूंना डब्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी मायेनं रोज काकडीची अख्खी फोड घातली. परत आलो तर डब्याच्या कडांवर पिठासारखी फिकट धूळ, आणि ती धूळ चालत होती. ते धान्यावरचे सूक्ष्म कोळी, माइट. बाहेर पाऊस, आत ओला भुसा, त्यांना आणखी काय पाहिजे? वर अमोनियाचा वास. सत्तर टक्के पैदास गेली. चूक काकूंची नव्हे, माझी. पाच दिवसांसाठी काहीच घालायची गरज नव्हती.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझा नेम असा: भाजी आठवड्यातून एकदाच आणि सहा-सात तासांत बाहेर. भुशाचा थर तीन सेंटिमीटरच्या वर नाही. डबे भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर नव्हे तर स्टुलावर. नवा भुसा प्रत्येक वेळी परतून. भुसा मुठीत दाबून बघायचा, गोळा झाला तर तो बदलायचा.

माइट दिसलेच तर भाजी लगेच बंद. वर पावाचा एक तुकडा ठेवा, रात्रीतून त्यावर माइट जमतात, सकाळी उचलून बाहेर फेका. असं चार-पाच दिवस. डबा फारच बिघडला असेल तर चांगले कोष आणि मोठ्या अळ्या हातानं वेचून, कोरड्या ब्रशनं झटकून, कडकडीत पाण्यानं धुऊन वाळवलेल्या डब्यात नव्यानं सुरू करा. जुना भुसा घरापासून लांब टाका.

ऊन आणि थंडी

पंचवीस ते अठ्ठावीस अंश त्यांना मानवतात, आणि बेळगावची हवा वर्षातले बरेच महिने याच्या जवळपास असते, हे आपलं नशीब. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशी गाठतो तेव्हा सांभाळायचं. अळ्यांची गर्दी झाली की त्यांच्या हालचालीनंच डब्यात उष्णता वाढते, बाहेर चौतीस असेल तर आत त्याहून जास्त. डब्यात हात घालून बघा. गर्दी दोन डब्यांत वाटा, भुसा पातळ पसरा, डबा पत्र्याच्या खोलीतून खाली कौलारू भागात किंवा फरशीवर आणा. शेजारी ओलं गोणपाट टांगलं तर चालेल, डब्यावर टाकायचं नाही. थंडीत काही करू नका. बल्ब लावून ऊब देणारे भुसा जाळून घेतात.

चोर सगळे बाराही महिने असतात. मुंग्यांसाठी स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. उंदीर जाळी कुरतडतो, त्याला धातूचीच जाळी हवी. भिंतीवरची पाल तर जाळी फाटायची वाटच बघत असते. आमच्याकडची एक अशी काही गुबगुबीत झाली होती, की फुकटात कुणाला पोसतोय ते तिच्याकडं बघूनच कळलं.

खायला घालताना

ताज्या अळीत साधारण वीस टक्के प्रथिनं, तेरा टक्क्यांच्या आसपास चरबी आणि बाकी बहुतेक पाणी असतं. कमतरता कॅल्शियमची. फॉस्फरस त्याच्या दहापटीहून जास्त, त्यामुळं नुसत्या मीलवर्मवर वाढलेल्या सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. म्हणून घालायच्या चोवीस तास आधी अळ्या वेगळ्या वाटीत काढून त्यांना गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घाला, आणि घालताना कॅल्शियम कार्बोनेटच्या पावडरीत घोळवा. डी-३ जीवनसत्त्व किती द्यायचं ते जनावर आणि त्याचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बघून पशुवैद्याला विचारून ठरवा. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, अगदी वस्त्रगाळ केली तर तीही चालतात. पानाचा चुना चालत नाही. तो कॅल्शियमच, पण तोंड भाजतो.

अळी जनावराच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी नको. लहान किंवा आजारी जनावराला नुकतीच कात टाकलेल्या, पांढऱ्या मऊ अळ्या निवडून द्या. अळी पोट फाडून बाहेर येते म्हणून तिचं डोकं चिरडून घालायचं, असं कुणी सांगेल. तसं होत नाही. मात्र रात्री उरलेल्या अळ्या पिंजऱ्यातून काढाच. खोलगट चिनी मातीच्या वाटीत घातल्या तर शोधत बसावं लागत नाही.

जास्तीच्या मोठ्या अळ्या फ्रिजच्या दारात, जाळीच्या झाकणाच्या डबीत, थोड्या भुशात महिना-दोन महिने झोपून राहतात. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजर द्या, मग परत आत. डबीवर ठळक अक्षरांत लिहा. अंडी, कोष, भुंगेरे फ्रिजमध्ये नाहीत.

चाळण्याचं काम अंगणात किंवा गच्चीवर, नाका-तोंडाला फडकं बांधून करा. ती धूळ सतत नाकात गेली की शिंका, डोळे खाजणं, काहींना दमसुद्धा लागतो. घरात दम्याचा माणूस असेल तर डबा त्याच्या खोलीत नकोच.

चाळून निघालेली विष्ठा कुंड्यांना चांगलं खत आहे, आमच्या कढीपत्त्याला मी मूठभर घालतो. घालण्याआधी ती दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. तीत अंडी राहिलेली असतात, आणि पुढं गव्हाच्या पिंपात भुंगेरे निघाले तर जाब तुम्हालाच विचारला जाईल.